सतरा : एका घरात दोन पडलेले

लोकसेवा हा गोवंडे घराण्याच्या रक्तातला गुण होता, आणि तो रक्तातच राहू द्यावा असा कौल लोकांनी दोन पिढ्या न चुकता दिला होता. मनोहरपंत लोकल बोर्डाला पडले. त्यांचे चिरंजीव विष्णुपंत, म्हणजे अण्णा, देवखेडच्या नगरपालिकेला तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले: एकदा कपबशीवर, एकदा शिट्टीवर आणि एकदा पतंगावर. घरात सालं लक्षात ठेवायची ती चिन्हांवरून. थोरला संजय कपबशीच्या आधीचा, आसावरी ऐन कपबशीतली आणि धाकटा केदार शिट्टीचं डिपॉझिट जप्त झालं त्या आठवड्यातला.

त्या केदारनं आता इंग्लंडात मेल्टनबरीच्या बरो कौन्सिलला अपक्ष म्हणून अर्ज भरला होता. बरो कौन्सिल म्हणजे आपल्या नगरपालिकेची गोरी मावसबहीण. कचरा, खड्डे, वाढलेल्या फांद्या आणि कुत्री फिरवणाऱ्यांचं वर्तन एवढं तिच्या अखत्यारीत येतं. मतदान मे महिन्यातल्या एका गुरुवारी मेल्टनबरीत होतं आणि प्रचाराची मुख्य कचेरी टेक्ससमधल्या प्लेनोत, संजय आणि वीणाच्या डायनिंग टेबलावर होती. अण्णा डिसेंबरपासून तिथे मुक्कामाला होते, आणि जिथे अण्णा तिथे कचेरी.

केदार रोज संध्याकाळी दारं ठोठावून यायचा आणि फोनवर अहवाल द्यायचा. इंग्रज मतदार दार उघडतो, हसतो, नावाचा उच्चार चुकल्याबद्दल माफी मागतो, पत्रक दोन्ही हातांनी घेतो आणि विचार करतो म्हणतो. अण्णांनी हे ऐकून डोळे मिटले. देवखेडला ज्यानं शिव्या दिल्या त्याचं मत निदान मिळण्यासारखं असे. ज्यानं चहा पाजून ‘विचार करू’ म्हटलं, त्याच्या घरावरून कार्यकर्ते पुन्हा जात नसत. त्यांनी केदारला शिव्या खाण्याचा सल्ला दिला. केदार म्हणाला, इथे कोणी देत नाही, अण्णा, फार तर हवामानाबद्दल बोलतात.

मधल्या काळात अण्णांनी केदारच्या फोटोचं पोस्टर नातवाकडून, अनीशकडून, छापून घेतलं आणि प्लेनोतल्या हिरवळीत रोवलं. समोरच्या बाईंनी गाडीची काच खाली करून मत द्यायचं कबूलही केलं. मग एचओएची, म्हणजे तिथल्या सोसायटीच्या कमिटीची, अतिशय गोड ईमेल आली आणि पोस्टर परसात गेलं. तिथे ते शेजाऱ्यांच्या लॅब्रेडॉरला दिसेल अशा बेतानं कुंपणाकडे तोंड करून उभं होतं.

हे सगळं वीणानं हसून साजरं केलं असतं, जर अण्णांनी महिन्यापूर्वी जेवताना तो निर्णय जाहीर केला नसता. अमेरिकेतले त्यांचे सहा महिने भरत आले होते. पुढे काय, असा विषय निघाला तेव्हा ते आमटी भुरकून म्हणाले, “केदार आला, तर उन्हाळा त्याच्याकडे. पडला, तर मी इथलंच एक्स्टेंशन मागतो. एका घरात दोन पडलेले राहू नयेत. घराला अवकळा येते.”

या तर्काला उत्तर नव्हतं, कारण तो तर्क नव्हता. वीणाला मात्र त्यात एकच गोष्ट ऐकू आली: खालची खोली. घरात पाच खोल्या होत्या, त्यांतल्या चार जिना चढून वर. तिच्या आईचे, नीलाताईंचे, गुडघे नागपुरातल्या तीन डॉक्टरांनी तीन प्रकारे निकालात काढले होते. जिना त्यांना शक्य नव्हता. सून म्हणून वीणानं अठरा वर्षांत सासरच्या अकरा माणसांना त्या खोलीत ठेवून घेतलं होतं. आईला एकदाही नाही. दर वर्षी नीलाताई फोनवर म्हणायच्या, अगं असू दे, आधी त्यांचं होऊ दे. यंदा त्यांचा व्हिसाही झाला होता. आणि बुधवारी वीणानं कुणालाही न विचारता, पुढच्या शनिवारी पोचणारं, त्यांचं तिकीट काढून टाकलं होतं. मेल्टनबरीच्या मतदारांवर तिनं ठेवला तेवढा विश्वास खुद्द केदारनं ठेवला नव्हता.

कुणालाही न विचारता, पण आसावरीला सांगून. आसावरी ही तिची नणंद, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलची. दोघींचं मोदकांच्या प्रकरणापासून बोलणं नव्हतं. आसावरीनं वीणाच्या उकडीच्या मोदकांना पाहुण्यांदेखत ‘फ्रोझनच्या मानानं छान’ म्हटलं होतं, आणि पुढची दोन वर्षं दोघींनी एकमेकींच्या वाढदिवसाला फक्त केकची इमोजी पाठवली होती. ती आसावरी बुधवारी रात्रीच्या विमानानं बॅग घेऊन हजर झाली, ओट्याशी उभी राहिली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, “वहिनी, केदार पडला, यांना एक्स्टेंशन मिळालं आणि खालच्या खोलीत तुझी आई आली, तर पुढचा नंबर माझा गं. आमच्याकडे दोन बेडरूम आहेत. एकीत आम्ही, एकीत आमची आन्या. ते हॉलमध्ये सोफ्यावर झोपतील आणि पहाटे उठून माझ्या मीटिंगमध्ये बोलतील.”

“मागे बोललेत?”

“माझ्या मॅनेजरला विचारलं, तुमच्या भागात पाणी कधी येतं.”

वीणानं तिला चहा दिला. मोदकांचं प्रकरण त्या कपात बुडालं. केदारला निवडून आणायचं, यावर घरात पहिल्यांदा नणंद-भावजयीची युती झाली.

विरोधी पक्षात संजय होता, पण तो उघड होत नव्हता. भाऊ पडावा असं त्याला वाटत नव्हतं. पडलाच तर नीट पडावा, एवढंच. केदार इंग्लंडात गेला त्याला सात वर्षं झाली. पाचव्या वर्षी त्याला कायम राहायचा शिक्का मिळाला, आणि आपला निळा पासपोर्ट खिशात ठेवूनच तो तिथे मत देत होता, उभाही राहत होता, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. संजय अठरा वर्षं अमेरिकेत होता, कर भरत होता, ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं की आपण नागरिक नाही असं नम्रपणे कळवत होता आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा होता. रांग पुढे सरकत असल्याची बातमी दर महिन्याला येई. कधी कधी ती मागेही सरके. त्यानं जन्मात एकदाच मतदान केलं होतं, पतंगाला. इथे त्याला महाराष्ट्र मंडळाच्या सांस्कृतिक समितीपुरतं मत होतं, आणि तिथेही त्याचा उमेदवार पडला होता.

“तुला काय झालंय दादा,” आसावरी त्याला म्हणाली, “तू तर एकटाच न पडलेला. उभाच राहिला नाहीस.”

“उभाच आहे मी,” संजय म्हणाला. “अठरा वर्षं.”

गुरुवारी दुपारी केदारचा व्हिडिओ कॉल आला. मेल्टनबरीत संध्याकाळ होती, मतदान सुरूच होतं. छातीवर पिवळ्या फितीचं मोठं फूल लावून तो गाडीत बसला होता, शेजारी सावनी, त्याची बायको, चिप्स खात होती. वीणा आणि संजय दोघंही घरूनच काम करत होते, म्हणजे दोघांचे लॅपटॉप उघडे होते आणि दोघं टेबलाशी होती. अण्णा मध्ये. केदारनं सांगितलं की हवा बरी आहे, त्याच्या विरोधात एकटी मिसेस प्रिचर्ड आहे, भूगोलाची निवृत्त शिक्षिका, तिचे लाल भोपळे दर वर्षी जत्रेत बक्षीस मिळवतात आणि तिला सगळा वॉर्ड ओळखतो, कारण निम्म्याला तिनं नद्या शिकवल्यात.

“मत दिलंस?” अण्णांनी विचारलं.

“सकाळीच दिलं,” केदार म्हणाला, आणि कॅमेऱ्यासमोर जरा ताठ बसला. “परंपरा पाळली, अण्णा.”

अण्णांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते वीणानं संजयच्या नोकरीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. तिला काही कळेना. तिनं आसावरीकडे पाहिलं. आसावरीचा हात कपाळावर गेला होता.

गोवंड्यांत उमेदवार स्वतःला मत देत नाही. पंगतीत वाढपी आधी स्वतःच्या पानात वाढून घेत नाही, तसं. मनोहरपंतांनी लोकल बोर्डाला आपलं मत प्रतिस्पर्ध्याला दिलं, अण्णांनी तीनदा दिलं, आणि पतंगाच्या वेळी तर बूथवर प्रतिस्पर्ध्याला नमस्कार करून सांगूनही आले. वीणा अठरा वर्षं या घराची सून होती आणि हे तिला आज कळत होतं. तिला वाटलं होतं की अण्णा लोकांमुळे पडले.

“म्हणजे केदारनं त्या भोपळेवाल्या बाईला मत दिलं?” तिनं शांतपणे विचारलं.

“वेट,” अनीश जिन्यावरून म्हणाला. सोळा वर्षांचा तो मुलगा राज्यशास्त्राच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. “ही व्होटेड फॉर हिज ओपोनंट? ऑन पर्पज?”

“संस्कार म्हणतात त्याला,” अण्णा म्हणाले.

“इट्स लाइक, निगेटिव्ह टू.”

आसावरीनं फोन हातात घेऊन धाकट्या भावाला जे ऐकवलं, त्यात एमबीए, गाढव आणि मेल्यानंतर आईला काय वाटत असेल, या तिन्हींचा उल्लेख होता. केदार म्हणाला, ताई, एका मतानं काय होतंय. मग आसावरीनं सावनीला विचारलं, तू तरी?

सावनीनं चिप्स गिळले. “मी गोवंडेंची सून आहे, ताई. पण मतदार यादीत अजून माहेरचंच नाव आहे. मी नवऱ्याला दिलं.”

अण्णांनी ही बाब ऐकली नाही असं ठरवलं.

संध्याकाळी वीणानं साबुदाण्याची खिचडी केली. मोजणीच्या दिवशी गोवंड्यांकडे तेवढंच करतात, आनंदालाही चालते आणि उपासालाही. कढईभोवती सगळे उभे राहूनच खात होते. मेल्टनबरीत मध्यरात्र उलटली होती, मोजणी टाउन हॉलमध्ये चालू होती, आणि आत फोन लावायला मनाई असल्यानं सावनी दर थोड्या वेळानं पार्किंगमध्ये येऊन कळवत होती. पहिला फोन: केदार पुढे. खिचडी चविष्ट झाली. दुसरा फोन: प्रिचर्डबाई पुढे, त्यांच्या बाजूच्या रस्त्याची पेटी उघडली. आसावरीला दाणे खवट लागले. तिसरा फोन बराच वेळ आला नाही.

त्या मधल्या वेळात वीणानं पाहिलं, तर संजय येरझाऱ्या घालत होता. फ्रिजपासून मागच्या दारापर्यंत आणि परत. दारापाशी गेला की काचेतून परसातल्या पोस्टरकडे बघत होता.

“बस ना,” ती म्हणाली.

“यार, आला पाहिजे तो,” संजय म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही नीट माहीत नसावं. “आपल्यातला एक तरी कुठेतरी आला पाहिजे. कुठेही. कचऱ्याच्या कमिटीत का होईना.”

विरोधी पक्ष असा विसर्जित झाला. वीणाला त्याच्याकडे धावत जाऊन तिकिटाचं सांगावंसं वाटलं, पण तेवढ्यात फोन वाजला.

सावनी धापा टाकत होती. दोघांना सारखीच मतं पडली होती. फेरमोजणी झाली, तरी सारखीच. आता कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकणार. निवडणूक अधिकारी टोपली शोधताहेत.

घरात एकदम गलका झाला. आसावरी म्हणाली, स्वतःला मत दिलं असतं तर दोन मतांनी आला असता, दोन मतांनी, अण्णा, ऐकताय ना. अनीश म्हणाला, आय सेड निगेटिव्ह टू. संजय कुठल्या तरी देवाचं नाव घेत होता, जो त्यानं ग्रीन कार्डासाठीही वापरला नव्हता. अण्णा मात्र खुर्चीत बसले होते, आणि त्यांचा रंग उजळत चालला होता. तीन निवडणुकांत बरोबरीच्या इतकं जवळ ते कधी आले नव्हते.

वीणानं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. “अण्णा, बरोबरी म्हणजे पडणं धरायचं की नाही?”

अण्णांनी विचार केला. “पडला म्हणता येणार नाही. आला असंही नाही.”

“मग तुमचा मुक्काम?”

“चिठ्ठी निघेपर्यंत इथेच.”

“आणि चिठ्ठी त्याची निघाली नाही तर? चिठ्ठीनं पडलेला तो लोकांनी पाडलेला नसतो,” आसावरी घाईनं म्हणाली. “मग तुम्ही त्याच्याकडे राहू शकता. दोन पडलेले होत नाहीत.”

युतीतलं हे सर्वांत चपळ कलम होतं, आणि वीणाला नणंदेचा अभिमान वाटला. पण अण्णा बधले नाहीत. देवाच्या हातून पडलेला तर त्याहून पडलेला, असं ते म्हणाले. त्याच्या घरात तर रात्रीही राहू नये.

सावनी पुन्हा फोनवर आली, पण चिठ्ठी अजून निघाली नव्हती. टोपली सापडली होती, एकसारखी पाकिटं सापडत नव्हती. तिला दुसरंच काही सांगायचं होतं. आत थांबून थांबून केदारनं प्रिचर्डबाईंना चहा आणून दिला होता आणि गप्पांच्या ओघात आपण सकाळी काय केलं ते सांगून टाकलं होतं. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग म्हणाल्या, मी तर तुला दिलं. स्वतःच्या नावापुढे फुली मारायची म्हणजे किती ओंगळ.

 आसावरीचा उगारलेला हात खाली आला, कारण तिचं दोन मतांचं गणित मेलं होतं.

“खानदानी बाई,” अण्णा म्हणाले.  “आपल्यातली वाटते. माहेर कुठलं तिचं?”

मग फोन तसाच चालू राहिला आणि सावनी दारातून आत डोकावली. पार्किंगमधला वारा ऐकू येत होता, कुणीतरी माइकवर काहीतरी वाचत होतं, आणि सावनीनं अशी किंकाळी फोडली की अनीशच्या हातातली वाटी पडली.

केदार गोवंडे, मेल्टनबरी बरो कौन्सिल.

पुढची काही मिनिटं प्लेनोतल्या त्या घरात काय झालं ते कुणालाच क्रमानं सांगता आलं नसतं. संजयनं बायकोला उचललं, मग बहिणीला, मग पाठीत उसण भरल्यावर थांबला. आसावरी ओट्यावर चमचा बडवत होती. अनीशनं लाइट चालू-बंद करून आतषबाजी केली आणि पहिल्यांदाच मराठीत ओरडला, “आला रे आला,” तेही असं की जणू पिझ्झा आला. समोरच्या बाई दारात येऊन विचारून गेल्या की आपला माणूस जिंकला का, आणि हो म्हटल्यावर त्यांनी आपण त्याला दिलेल्या शब्दाबद्दल समाधान व्यक्त केलं. अण्णा परसात गेले. कुंपणाकडे तोंड करून उभं असलेलं पोस्टर त्यांनी उपटलं, घराकडे वळवून पुन्हा रोवलं आणि थोडा वेळ त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. आत आले तेव्हा त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ खालच्या खोलीत गेले, आणि पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकायचं वीणाचं अठरा वर्षं राहिलं होतं. ती फोन घेऊन पँट्रीत शिरली, दार लोटून घेतलं आणि नागपूरला लावला. तिकडे सकाळ झाली होती.

“आई, तू येतेयस. खालची खोली. नक्की.”

 नीलाताई म्हणाल्या, “विष्णुपंतांचं काय? त्यांना बाहेर तर काढलं नाहीस ना गं?”

“निवडून आले ते.”

“कोण, विष्णुपंत?”

“केदार. पण ते एकच.”

“बरं बाई,” नीलाताई म्हणाल्या.  “मग मी त्या स्वेटरांना ऊन देते. तिथे एसी फार असतो म्हणतात.” आणि फोन ठेवायच्या आधी, इकडे काही ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं, त्या कामवाल्या बाईंना सांगू लागल्या की मुलीकडे जायचंय.

पँट्रीतून वीणा बाहेर आली ती डोळे पुसत, आणि टेबलाशी उभी राहून तिनं नवऱ्याला तिकिटाचं सांगून टाकलं. भांडायची तिची तयारी होती, मुद्दे अठरा वर्षांचे होते. संजय म्हणाला, अगं, आधी का नाही सांगितलंस, मी काय नको म्हटलं असतं? वीणाचे सगळे मुद्दे जागच्या जागी वाया गेले. आसावरीनं शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला आणि विचारलं, वहिनी, तुझं प्रमाण काय गं, मला तुझ्यासारखा जमत नाही. ही मोदकांच्या प्रकरणातली अधिकृत शरणागती होती, आणि वीणानं ती तूप वाढवून स्वीकारली.

अण्णा जाकीट चढवून बाहेर आले. मेल्टनबरीत पोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय काय करायचं, ते त्यांनी जेवताना ठरवून टाकलं. प्रिचर्डबाईंच्या घरी भेट, आभारसभा आणि मग खड्डे. केदारला कौन्सिलच्या पहिल्या बैठकीला एकट्याला पाठवायचं नाही. संजय म्हणाला, पुढच्याच आठवड्यात निघा, मुहूर्त चांगला आहे, आणि लॅपटॉप पुढे ओढला.

डॅलसहून लंडन, एक प्रवासी, एकेरी. खिडकीची जागा, शाकाहारी जेवण. अण्णा मागे उभे राहून आपलं नाव पासपोर्टप्रमाणे एकेक अक्षर सांगत होते, मध्ये वडिलांचं, शेवटी आडनाव. या घरात एच-वन, एच-फोर, बी-टू या अमेरिकी शिक्क्यांचे पाढे अठरा वर्षं म्हटले जात होते; कुणाचा कुठला शिक्का कधी संपतो हे अनीशलाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. वेबसाइटनं पासपोर्टचा नंबर मागितला, तो संजयनं पाठ असल्यासारखा दिला. मग वेबसाइटनं आणखी एक गोष्ट विचारली. संजयचे हात कीबोर्डवर थांबले. त्यानं मान वर केली आणि शिऱ्याची वाटी घेऊन उभ्या असलेल्या वीणाकडे पाहिलं.

अण्णांकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. कुणी अर्जच केला नव्हता.